शेजारची मोकळी जागा

पालिकेच्या सुनावणीत हरकत मांडून छापखान्यातला निवृत्त मशीनमन खाली बसला तेव्हा सभागृहातल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. मोजकंच बोलला होता. घराशेजारच्या मोकळ्या जागेवर तीन मजली दुकानं झाली तर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर भिंत येईल, उजाडायच्या आत मालाचे ट्रक उभे राहतील, राहती वस्ती राहती उरणार नाही. सगळी नोकरी छापखान्याच्या खडखडाटात काढली, आता उरलेले दिवस तरी शांततेत जावेत, हेही त्याने सांगून टाकलं. ते बोलायचं ठरलं नव्हतं, ओघात तोंडून निघून गेलं.

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं. ते त्याच्या बायकोचं होतं.

काहीतरी चुकलं असेल, असं त्याला वाटलं. ती नुसती सोबत म्हणून आली आहे, हे तो धरूनच चालला होता. पण ती पर्स त्याच्या मांडीवर ठेवून उठली. माइक तिला उंच होत होता. तो खाली न घेताच ती बोलली.

"माझी काही हरकत नाही. दुकानं होऊ द्या."

मागून कोणीतरी हसलं. अधिकारी बाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. दोघं एकाच घरातले ना, याची खात्री करून घेतली. घर दोघांच्या नावावर होतं, तेव्हा म्हणणंही दोघांचं वेगवेगळं नोंदवावं लागणार होतं. कारण काय लिहू, त्यांनी विचारलं.

"वर्दळ होईल," ती म्हणाली.

"अहो, ती तर हरकत झाली."

"नाही. तेच कारण आहे."

ती जागेवर येऊन बसली आणि पर्स परत घेतली. मशीनमनला काही सुधरेना. सकाळी हिनेच शर्टाला इस्त्री करून दिली होती, नीट बोला म्हणून बजावलंही होतं. मग हे काय? तो दुपारी बाहेर गेला की बिल्डरची माणसं येऊन जात असणार, हिला गोड बोलून वळवलं असणार. दुसरं काय असेल? तो तिच्या कानाशी वाकला.

"तुला कोणी भेटायला आलं होतं का?"

"आपल्याकडे कोण येतं भेटायला?" ती म्हणाली, आणि पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेली.

पुढे कोणी गटाराबद्दल बोललं, कोणी पार्किंगबद्दल. त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. छापखान्यातून घरी यायचा तेव्हा त्याचे कान किटलेले असायचे. आता काही बोलू नकोस, अशी तो हातानेच खूण करायचा. पुढेपुढे खूण करायची गरजच राहिली नाही. हिलाही शांतताच आवडते, हे आपण कधी ठरवलं, ते त्याला आठवेना.

शेवटी अधिकारी बाईंनी त्याला विचारलं, हरकत कायम ठेवायची ना? तो हो म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर आपण बरोबर बोललो की चूक, तेही त्याला कळेना. निकाल पुढच्या महिन्यात लागणार होता.

तो बाहेर आला तो जाब विचारायच्या तयारीनेच. ती व्हरांड्यातल्या बाकावर कोणा अनोळखी म्हातारीशेजारी बसली होती आणि बोलत होती. हातवारे करत, मध्येच हसत, एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत शिरत. घरात महिनाभरात बोलली नसेल इतकं. तो तिच्या मागे नुसता उभा राहिला. मध्ये तोंड घालावं की परत आत जावं, समजेना.

"हे तुमच्याबरोबर आहेत का?" म्हातारीने विचारलं.

तिने मान वळवली. त्याच्याकडे पाहिलं. मग थोडी सरकली.

"बसा," ती त्याला म्हणाली.

तो बसला. त्या दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ते कोणाच्या मुलीबद्दल चाललं होतं की मांजरीबद्दल, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो ऐकत राहिला.