सतरा चित्रपटांची कबुली

संकलनाचा तिसरा पुरस्कार मिळाल्यावर ओदिलला निवृत्तीआधी एक पाप धुऊन टाकावंसं वाटलं. सतरा चित्रपटांत आर्मेल नायिका होती आणि कात्री ओदिलची. आर्मेल काही न बोलता बघायची आणि अख्खं पॅरिस रुमाल काढायचं.

दुपारच्या जेवणाला वाइनच्या पहिल्या पेल्यात ओदिलला धीर आला नाही, दुसऱ्यात आला.

"रागावू नकोस, पण तुझी ती गाजलेली नजर अभिनयातली नव्हे. दिग्दर्शकाने 'कट' म्हटल्यावरही कॅमेरा दोन क्षण चालू असतो. तू नुसती बसलेली असायचीस. मी ते तुकडे उचलून लावत आले."

आर्मेलने पावाने बशीतला रस्सा निगुतीने पुसून घेतला.

"पहिल्या चित्रपटात खरंच नुसती बसले होते गं. जेवण आलं का ते बघत होते. तू नेमकं तेच ठेवलंस आणि लोक रडले."

"आणि बाकीचे सोळा?"

"बाकीच्या सोळांत 'कट' होईपर्यंत दिग्दर्शकाला हवं ते करायचे," आर्मेल म्हणाली, "आणि मग तुझ्यासाठी अभिनय."