सुकेळी कशी झालीत?

सुकेळीचा तुकडा सुमेधाच्या जिभेवर होता आणि क्लेमेंटीनमावशी तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

“कशी झालीत?” त्यांनी विचारले.

आगाशीच्या त्या वाडीत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. पिकलेली राजेळी केळी सोलायची, आठ दिवस उन्हात वाळवायची, आणि सुक्या पानांत बांधण्याच्या सकाळी घरातील प्रत्येकाने एक तुकडा चाखून म्हणायचे, ‘देवाची कृपा.’ मावशींच्या सासूबाईंच्याही आधीपासून चालत आलेली ही रीत होती. कृपेत उणे कोणी काढीत नसे.

सून प्रिसिलाने ते शब्द उच्चारले होते. मस्कतहून सुटीवर आलेल्या डेरिकनेही उच्चारले होते आणि वर म्हटले होते, “आई, विमानात माझे कपडे कमी नि तुझी केळीच जास्त असतात. तिकडे सगळे वाट बघतात.” रविवारी तो परत निघणार होता. टोपली त्याच्यासोबत जायची होती. आज बुधवार होता.

राहिली होती सुमेधा. ती मूळची साताऱ्याकडची. वाडीलगतच्या नव्या इमारतीत गेल्या वर्षी राहायला आलेली. चार महिने ती मावशींच्या अंगणात बसून ही विद्या शिकत होती. घराबाहेरच्या कोणाला मावशींनी ती आजवर दिली नव्हती. आज त्या बांधणी शिकवणार होत्या. तेवढेच शिकायचे उरले होते. गुरूच्या कामात खोट काढणाऱ्याला पुढचा धडा कोण देईल, हे सुमेधा जाणून होती.

तिने घास गिळला. ‘देवाची’ एवढा शब्द ओठांवर आलाही. मग ती थांबली.

“मावशी, गाभ्यात किंचित आंबूस लागतंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “वरून वाळलीत, आत ओल आहे. मधे तीन दिवस मळभ होतं ना. आणखी दोन उन्हं दिली तर सुधारतील. आज बांधली, तर वाटेतच बिघडतील.”

प्रिसिलाने हातातले पान खाली ठेवले.

“अगो बाई! चार महिन्यांत आईंना शिकवायला लागलीस?” ती म्हणाली. “चाळीस वर्षं करतायत त्या!”

सुमेधाची मान खाली गेली. परंतु शब्द परत घेणे तिला जमले नाही. मावशींनी आणखी एक सुकेळी मोडली आणि मुलापुढे धरली.

“डेरिक, तू सांग. पन खरं सांग.”

डेरिकने तुकडा हाती घेतला, खाल्ला नाही.

“आई, गेल्या वर्षीची निम्मी टोपली टाकून द्यावी लागली,” तो म्हणाला. “त्याच्या आदल्या वर्षीची सगळीच.”

“आनि पत्रात लिवलंस, अमृत!”

“तुला वाईट वाटलं असतं.”

मावशींनी पदराने हात पुसले. एक सूप उचलून त्यांनी सुमेधाच्या हाती दिले, दुसरे स्वतः घेतले आणि दोघींनी मिळून सगळी सुकेळी पुन्हा उन्हात पसरली. एकेक उलटताना मावशींचा चेहरा असा निवळत गेला, जणू फार दिवसांचे ओझे कोणी उतरवून घेत होते. प्रिसिला उभी राहून पाहत होती. तिला राहवले नाही.

“आई, तुम्हाला राग नाही आला?”

“राग?” मावशी म्हणाल्या. “तीन वर्षांमागं तो मोठा ताप आला, तवापासून माझ्या जिभेला गोड की आंबट, काहीच कळत नाही गो. दर साली मी तुम्हांला खरंच विचारत होते, आनि तुम्ही मला मान देत होतात.”