ढब्बूचं कुंपण

खायला घालायचं मी, आंघोळ घालायची मी, आणि ढब्बू मात्र सुटला की थेट शेजारणीच्या पायरीवर! तिच्या एका हाकेला त्याची शेपटी अशी हलायची, की बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"सवतीवर जळावं तशी काय जळतेस त्या बाईवर? कुत्रा आहे तो," नवरा हसायचा.

शेवटी हट्टानं मी अंगणाच्या कडेनं विजेची तार पुरून घेतली आणि ढब्बूच्या गळ्यात तिच्याबरोबर मिळालेला पट्टा बांधला. तारेजवळ गेलं की पट्टा आधी वाजतो, आणि तरीही पुढे गेलं की झटका बसतो. दोन-चार दिवस ढब्बू गुमान माझ्या पायाशी बसून राहिला. मी शेजारणीकडे मुद्दाम बघून गोड हसून घेतलं.

मग एका संध्याकाळी ती कामावरून आली, तिचं फाटक वाजलं, आणि या पठ्ठ्यानं धूम ठोकली. पट्टा वाजला, झटका बसला, केवढ्यानं तरी कळवळला; पण थांबला म्हणून नाही.

अंधारून आलं तरी स्वारी परतेना, तेव्हा नाक मुठीत धरून मीच तिच्या दारात गेले.


"अहो वहिनी, मी केव्हाची घरी पाठवतेय त्याला," ढब्बूला थोपटत ती म्हणाली, "पण तारेजवळ गेला की पट्टा वाजतो, आणि घाबरून पुन्हा माझ्याकडेच पळत येतो!"