आंबेपाडा, प्रसूती, तातडी

पडद्यावर दोन ओळी होत्या. दोन्ही हुबेहूब.

आंबेपाडा, प्रसूती, तातडी.

आंबेपाडा, प्रसूती, तातडी.

दुसरीपुढे ऑफिसप्रमुख किशोर सरांचा शेरा होता : एकच कॉल दोनदा आला, एक काढला.

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या त्या नाशिकच्या ऑफिसात दाराजवळच्या बाकावर गोटीराम बसला होता. सुरगाण्याकडून एसटीने आलेला. चपला त्याने बाहेरच काढल्या होत्या.

"गाडी का नाय आली, ते मी इचारत नाय साहेब. इचारून माझी बायको, ललिता, माघारी येनार हाय का? मला फक्त येवढं लिवून द्या, का मी फोन केलता. सासू म्हनते, तू केलाच नाय. पोरीला मारलं तू. आख्खा पाडा तेच म्हनतो."

"तुमच्या मोबाइलमध्ये दिसेल ना."

"माझ्याला रेंज नव्हती. टेकाडावर एका मोटरसायकलवाल्याचा घेतला. तो कुठला कोन, कुनाला ठावं?"

"पण दादा, आंबेपाड्याला गाडी गेली होती," किशोर सर म्हणाले. "नोंद आहे आमच्याकडे."

"नाय आली, साहेब."

सरांनी कॉलच्या यादीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सायलीच्या खुर्चीमागे येऊन आवाज खाली आणला. "डोंगरात फोन मध्येच तुटतो. घाबरलेला माणूस पुन्हा लावतो. रोजचंच आहे. गाडी कुठं रस्ता चुकली का, तेवढं बघ."

सायली त्या दोन ओळींकडे बघत होती. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कॉल म्हणजे तिनेच तयार केलेला माहितीचा साचा; गाव, तालुका, नावं, सगळं त्याच्या आत असतं. तो तसाच पडद्यावर छापला तर नुसती निरर्थक अक्षरं उमटतात. आतलं काय काय मजकुरात दाखवायचं, ते लिहून द्यावं लागतं. तिने गाव, कारण आणि निकड, एवढंच लिहून दिलं होतं. ओळ एका नजरेत मावावी म्हणून. छान सुटसुटीत झालंय, असं सर तेव्हा म्हणाले होते.

तिने आता साच्यातलं बाकीचं सगळंही दाखवायला लिहून दिलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

आंबेपाडा, तालुका पेठ, रुग्ण भाग्यश्री, फोन करणारी आशा सेविका, प्रसूती, तातडी.

आंबेपाडा, तालुका सुरगाणा, रुग्ण ललिता, फोन करणारा गोटीराम, प्रसूती, तातडी.

सर वाकून वाचत होते. वाचून झालं तरी वाकलेलेच राहिले.

"पहिल्यासारखं करून ठेव," ते पुटपुटले.

"सर, तो समोर बसलाय."

"शेरा माझा आहे. पण ओळ तुझी आहे, सायली. दोघांचीही नोकरी जाईल."

सायलीचे हात कीबोर्डवरच थांबले. मग तिने स्क्रीन बाकाच्या दिशेने वळवली.

"गोटीरामदादा, इकडे या."

तो अनवाणी आला. तिने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुमचं नाव. फोन केला होता तुम्ही. आम्हाला पोचलाही होता. त्याच नावाच्या दुसऱ्या गावाचाच फोन पुन्हा आला असं समजून आम्ही तो काढून टाकला. चूक आमची आहे."

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

गोटीरामने आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"हे कागदावर भेटंल?"

"भेटेल. सहीसुद्धा करून देते."

प्रिंटर घरघरू लागला. गोटीरामने हात लांबवला. पण कागदाकडे नाही, पडद्यावरच्या वरच्या ओळीकडे.

"आन ही कोन?"

"भाग्यश्री. पेठकडची. गाडी तिच्याकडे गेली."

"ती वाचली का, ताई?"

सायलीला ती नोंद उघडून बघावी लागली. अक्षरं नीट दिसत नव्हती.

"वाचली. बाळही."

गोटीरामने त्या ओळीला हात जोडले.