सुधारलेले ताव

"थांबवा! यंत्र थांबवा!" डिगरी लस्कम नुकताच छापलेला ओला ताव हातात धरून ओरडला. लंडनच्या त्या छापखान्यात कुणी ओरडलं म्हणून काम थांबत नसे. पण हा पुस्तकाचा लेखक होता, म्हणून अक्षरांचे खिळे जुळवणारा सिल्व्हेस्टर प्रॅट हात पुसत पुढे आला.

"काय झालं साहेब? उलटं छापलं की काय?"

"हे बघा. 'जातसे', 'बोलतसे', 'हसतसे'. पानभर तेच! आता कोण बोलतं असं?"

"तुम्हीच लिहिलंय. मी आपला तुमचं अक्षर बघून खिळे लावले."

खरं होतं ते. पुस्तक डिगरीने आपल्या बापावर लिहिलं होतं. डेव्हन परगण्यातल्या त्याच्या गावात सगळे असेच बोलत. बाप सफरचंदांची बाग राखायचा आणि माणसांपेक्षा झाडांशी जास्त बोलायचा. "हळू बोल डिगरी, झाड ऐकतसे," म्हणायचा. डिगरी लिहायला बसल्यावर बाप जसा बोलायचा तसाच कागदावर उतरला होता, क्रियापदांच्या त्या जुन्या शेपटांसकट. पुस्तकात त्याचं नाव कुठेच नव्हतं, नुसताच एक बागवान बोलत होता. नावाची गरजच काय, असं लिहिताना डिगरीला वाटलं होतं. लिहिता लिहिता तो कितीदा तरी रडला होता.

घोटाळा काल संध्याकाळी झाला. गुत्त्यात मित्रांनी त्याच्या पिशवीतलं एक पान ओढून काढलं आणि मोठ्याने वाचलं. 'झाड ऐकतसे' म्हटल्याबरोबर सगळे हसून लोळायचेच बाकी राहिले. एकाने पेला उपडा करून दाखवला. "माझा पेला रिकामा होतसे, बागवानबुवा!" डिगरीही हसला. काय करणार? लंडनमध्ये आल्यापासून त्याने आपली जीभ घासूनपुसून लख्ख केली होती, आणि एका पानाने ती उघडी पाडली. त्याला लाज वाटली. बापाची लाज वाटावी याचीही थोडी लाज वाटली, पण पहिली लाज मोठी होती.

"सगळं बदला," तो सिल्व्हेस्टरला म्हणाला. "'जातो', 'बोलतो', 'ऐकतं'. इथले लोक बोलतात तसं."

"तो म्हातारा बागवान बोलतो, ते पण?"

"ते पण."

सिल्व्हेस्टर खिळ्यांच्या चौकटीवर वाकला आणि टोच्याने एकेक खिळा उपसू लागला. "बदलतो. पण आधी छापलेले ताव मी फेकणार नाही हं. कागद काय झाडाला लागतो? तेही पुस्तकात जाणार. कुणाच्या वाट्याला जुना ताव, कुणाच्या वाट्याला नवा."

डिगरीला हे ठाऊक होतं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या निघाव्यात, अशी तिथे कुणाची अपेक्षाच नसे.

"लोकांना काय द्यायचं ते द्या. माझी प्रत मात्र मी स्वतः निवडणार. गावी न्यायचीय, आईसाठी."

"आईसाहेब वाचतात?"

"नाही. मी वाचून दाखवणार."

पुस्तक मुळात तिच्यासाठीच होतं. बाप गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी तो गावी गेला होता. परत निघताना त्याच्या आईने, विल्मटने, घोड्याचा लगाम धरला आणि सोडेचना. "तू लिहितोस ना रे? मग ह्यांचं बोलणं तेवढं लिहून आण. चेहरा दिसतसे मला डोळे मिटले की. पण आवाज येईनासा झालाय. फार आठवून बघतसे, पण येतच नाही." डिगरीने तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं.

ताव वाळल्यावर तो छापखान्यात येऊन बसला. जुन्या-नव्या दोन्ही गठ्ठ्यांमधून एकेक ताव उजेडात धरून पाहिला. एखादं 'जातसे' चुकून राहिलेलं दिसलं की तो ताव बाजूला. आईच्या हाती गावंढळ काही पडू नये, सगळं नीटनेटकं असावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती प्रत त्याने चांगल्या कातड्यात बांधून घेतली.

तो गावी पोहोचला तेव्हा बागेत मोहोर आला होता. त्या वासाने त्याला दारातच भरून आलं. आई चुलीपाशी होती.

"आलास? वाटाण्याचं कढण निवतसे, आधी जेव."

जेवण कसंबसं उरकून त्याने पुस्तक उघडलं. आईने हात धुतले, डोकीचा रुमाल नीट केला, स्टूल ओढून समोर बसली आणि डोळे मिटले.

डिगरीने वाचायला सुरुवात केली. शब्द स्वच्छ, ठाशीव, शहरात शोभतील असे. बागवान हिवाळ्यात झाडांच्या मुळाशी सफरचंदाची दारू ओततो. बागवान झाडाखाली भांडणाऱ्या पोरांना दटावतो, "हळू बोला, झाड ऐकतं." आई देवळात बसावी तशी मान कलती करून ऐकत होती. शेवटचं पान उलटलं आणि तो थांबला. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला लगेच होईना.

विल्मटने डोळे उघडले. चेहरा प्रसन्न होता.

"छान आहे रे. झाडांशी बोलणारे साहेब लंडनातही असतात म्हणायचे!" ती म्हणाली. मग स्टूल त्याच्या आणखी जवळ ओढलं आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. "हं. आता तुझ्या बापाचं वाच."