चार बोटं कापड

दाताच्या दवाखान्यात नंबर यायचा होता, म्हणून म्हाताऱ्या फ्रेमवाल्याने टेबलावरचं आत्मचरित्र उघडलं. समोरच्या भिंतीवरच्या चित्रात खिडक्यांतून दात विचकणारं घर रंगवणाऱ्या बाईंचं. ‘कसली ही थेरं!’ म्हणत ते चित्र यानेच फ्रेममध्ये बसवलेलं. बाईंनी लिहिलं होतं, ‘लोक दातांबद्दलच विचारतात. खालच्या कोपऱ्यातल्या माझ्या गेलेल्या लेकीबद्दल कोणीच नाही. तिचा चेहरा आठवून रंगवायला वर्ष लागलं.’ तेव्हा तयार फ्रेम आखूड पडली, म्हणून त्याने खालचं चार बोटं कापड मागे दुमडून ठोकलं होतं. त्याने उठून चित्र उतरवलं, किल्लीने खिळे उपसून घडी उलगडली. लेक होती, लाल बुटांत उभी. नेमका चेहऱ्यावरचा रंग घडीत झडला होता. “काका, हे काय?” डॉक्टर धावत आले आणि बघून हरखलेच. “बिनचेहऱ्याची मुलगी! काय डोकं चालायचं बाईंचं!”