घड्याळजीच्या तीन बाटल्या

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही वहिनी, पण या जिभेनं एकदा आख्खं जहाज वाचवलंय,” कप्तान खुर्ची ओढत म्हणाला. “दाट धुकं. स्वतःचा हात दिसेना. मी डेकवर गेलो, जीभ बाहेर काढली, धुकं चाखलं आणि ओरडलो, सुकाणू फिरवा! धुक्याला स्कॉचच्या धुराची चव होती. समोर बेट, आणि बेटावर व्हिस्कीची भट्टी!”

“मागच्या वेळी धुक्याला कांद्याची चव होती,” वहिनी म्हणाल्या.

“ते दुसरं जहाज.”

कप्तान कुठल्याच जहाजाचा कप्तान नव्हता. त्याची उभी हयात जहाजांच्या भटारखान्यात गेली. हे नाव वहिनींच्या नवऱ्यानं, घड्याळजीनं, थट्टेनं ठेवलं आणि ते चिकटलं. दर खेपेला कप्तान त्याच्यासाठी एक बाटली आणायचा. मग दुकानामागच्या या खोलीत दोघं भांडायला बसायचे. घड्याळजीचा जीव स्कॉचवर, तीही बेटावरची, धुरकट. कप्तान मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीचा भक्त.

“तुझी स्कॉच म्हणजे विझलेल्या चुलीचं पाणी.”

“आणि तुझी म्हणजे खोकल्याचं औषध.”

वाद काही मिटला नाही. गुडघ्यांनी दगा दिल्यावर कप्तान लेकीकडे राहायला गेला. इकडे घड्याळजीचं यकृत बिघडलं, दोन वर्षं रेटली, आणि तो गेला. कप्तानाला अंत्यविधीलाही येता आलं नाही. तो आत्ता पोहोचला होता, खोली रिकामी होताना.

भिंतीवर घड्याळं उतरवल्याच्या गोल खुणा होत्या. टेबलावर घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग होतं. शेजारी तीन बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या.

“डॉक्टरांनी थेंबही नको म्हटलं होतं ना?” कप्तानानं विचारलं.

“ऐकणार कोण? ‘घोट नाही तर मी नाही’ म्हणाले. रोज दुकान बंद केलं की इथंच बसायचे. दोन ग्लास, एक तुमच्या नावाचा, आणि या तीन बाटल्या. भिंग लावून रंग बघायचे, मग घोट, मग मला वर्णन. शेवटच्या संध्याकाळपर्यंत.” वहिनींनी ग्लास पदरानं पुसले. “भावोजी, एवढ्यासाठीच बोलावलं तुम्हाला. आजारपणात जीभ मरते म्हणतात. ह्यांना शेवटी चव कळत होती का, की उगाच आपलं… तुम्ही दोघांनी याच बाटल्या प्यायल्यात. चाखा आणि सांगा. आज थापा नकोत. तेवढं कळलं की मी सुटले.”

“थापा? मी?”

वहिनींनी पहिली बाटली ओतली. डोंगरातली स्कॉच, फिकट सोनेरी. कप्तानानं घोट घेतला.

चहा होता. गार, कोरा, मध घातलेला चहा.

त्याचा चेहरा हलला नाही. भटारखान्यात त्यानं खारट सूप अधिकाऱ्यांसमोर मिटक्या मारत प्यायलं होतं. म्हणजे घड्याळजी सगळं चोरून ढोसून बसला होता आणि बायकोला कळू नये म्हणून बाटल्यांत चहा भरून ठेवला होता! तरीच बाटल्या भरलेल्या. आंबूस वास येत नव्हता, एवढंच नशीब. मेलेल्या मित्राची अब्रू आता त्याच्या जिभेवर होती.

“मध,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “मागून पिकलेली नासपती. हळूच लाकूड.”

“हे पण नासपतीच म्हणायचे.”

दुसरी मक्याची, त्याची स्वतःची लाडकी. काळपट चहा, जळक्या साखरेचा. “व्हॅनिला. जाळलेलं पिंप. घशातून उतरताना ऊब,” कप्तान म्हणाला. खिडकीबाहेर एक माणूस सायकलची चेन बसवत होता. कप्तान त्याच्याकडेच बघत राहिला.

तिसरी बेटावरची. घोट घेताच तो चमकला. चहाला धुरकट वास होता आणि वर चिमूटभर मीठ. नेमकं याच बाटलीत! काय पण बिलंदर माणूस, त्याला वाटलं, फसवायचं तेही किती निगुतीनं. अचानक त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते भरू दिले. घोट कडक असला की येतंच पाणी.

“धूर,” तो म्हणाला. “समुद्राचा खारेपणा. पावसात भिजलेली दोरखंडं. वहिनी, घड्याळजी जिंकला. याच्यापुढं माझी मक्याची म्हणजे खरंच खोकल्याचं औषध. इतकी वर्षं उगाच भांडलो. त्याची जीभ शेवटपर्यंत शाबूत होती. सुखानं प्यायलाय तो.”

वहिनींनी तिन्ही बुचं लावली. एकेक, घट्ट.

“वादात हरलात असं तुम्ही कधी कबूल केलं नसतंत, भावोजी.”

“आज केलं.”

“चहा आहे तो.”

कप्तानानं ग्लास खाली ठेवला नाही.

“तिन्हींत चहाच आहे. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मी सगळी दारू मोरीत ओतली. तेव्हापासून रोज सकाळी भरायची. हे जे जे वर्णन करायचे, ते ते दुसऱ्या दिवशी घालून बघायची. मध, मीठ, धुरी दिलेली चहापत्ती. आज सकाळीही केला.” त्यांनी टेबलावरचं भिंग उचललं आणि पदरात धरलं. “मला वाटायचं, मी ह्यांना फसवतेय. पण हे पण अगदी तुमच्यासारखंच, खिडकीबाहेर बघत सांगायचे.”